स्टिक घ्यावी की टीव्हीतलीच अ‍ॅप्स पुरतील?

दुकानातून टीव्ही घरी आला की माझं काम सुरू होतं. कराड आणि आजूबाजूच्या गावांत भिंतीला टीव्ही लावून देणं, डिश आणि वायफाय जोडून देणं, आणि काही वर्षांनी तोच टीव्ही अडकायला लागला की जाऊन बघणं, हा माझा धंदा. हल्ली घरोघरी एकच प्रश्न असतो: "स्मार्ट टीव्ही घेतलाय, तरी वर ती स्टिक लागतेच का?" स्टिक म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टात खोचायचं छोटं यंत्र, ज्यावर नेटफ्लिक्स-यूट्यूबसारखी अ‍ॅप्स चालतात. दुकानदार म्हणतो घ्या, पुण्याहून आलेला भाचा म्हणतो घ्याच, आणि कोचावरचे आजोबा म्हणतात, आणखी एक रिमोट नको. मी बहुतेक वेळा आजोबांच्या बाजूनं असतो. निदान पहिली काही वर्षं तरी.

कारण सांगतो. स्मार्ट टीव्हीत दोन गोष्टी असतात. एक पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा भाग. दुसरा बोर्ड, ज्यावर प्रोसेसर, रॅम आणि अ‍ॅप्स ठेवायची जागा असते. पॅनल नीट वापरलं, व्होल्टेजचा झटका बसला नाही, तर आठ-दहा वर्षं सहज जातं. बोर्डसुद्धा जळत नाही, पण तो मागे पडतो. अ‍ॅप्स दर अपडेटला जड होत जातात आणि बोर्डावरची रॅम आहे तेवढीच राहते. स्वस्त टीव्हीत ती १ जीबी असते. मग चौथ्या-पाचव्या वर्षी चित्र झकास, पण अ‍ॅप उघडायला चहा होईल एवढा वेळ, अशी अवस्था येते. स्टिक कामाची आहे ती इथे: पॅनल चांगलं असताना फक्त डोकं बदलायला. पहिल्याच दिवशी, टीव्हीचं स्वतःचं डोकं ताजं असताना, ती घेण्यात अर्थ नाही.

आणि स्टिक घेतली म्हणजे कायमचं काम झालं, असंही नाही. अमेरिका-कॅनडात विकलेल्या सॅमसंगच्या २०१०-११ सालच्या काही टीव्हींवर नेटफ्लिक्स डिसेंबर २०१९ पासून बंद झालं, हे सगळे सांगतात. पण अ‍ॅमेझॉनच्या २०१४ सालच्या पहिल्या फायर टीव्ही स्टिकवरही नेटफ्लिक्स जून २०२५ मध्ये थांबलं. मार्च २०२५ मध्ये गूगलची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट, म्हणजे मोबाइलवरचं टीव्हीवर दाखवणारं तसलंच यंत्र, जगभर एकदम बंद पडली, कारण तिच्या आतल्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गूगलनं ती पुढच्या काही दिवसांत दुरुस्त केली. म्हातारपण दोघांनाही येतं. फरक एवढाच की स्टिक चार-सहा हजारांत बदलता येते, आणि ४३ इंची टीव्ही बदलायचा म्हणजे घरात बैठक बसते.

खर्च करण्याआधी हे बघून घ्या

"टीव्ही स्लो झालाय, स्टिक आणू का?" असा फोन आला की मी आधी दुसरेच प्रश्न विचारतो. पहिला, प्लॅन कोणता? नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालतच नाही, कितीही भारी स्टिक लावा. १९९ चा टीव्हीवर चालतो, पण ७२०पी चित्र देतो. ५५ इंची फोर-के पडद्यावर ते धुरकट दिसणारच. फोर-के हवं असेल तर ६४९ चा प्लॅन लागतो. बाकीच्या अ‍ॅप्सचेही फक्त मोबाइलपुरते प्लॅन असतात आणि रिचार्जबरोबर फुकट मिळतात ते बहुतेक तसलेच. लोक टीव्हीला शिव्या घालतात आणि खोट प्लॅनमध्ये असते.

दुसरा प्रश्न, राउटर कुठे आहे? नेटफ्लिक्सच्या हिशेबानं फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस वेग पुरतो. घराघरांत आता ३० चं, १०० चं कनेक्शन असतं, म्हणजे वेग भरपूर आहे. तो टीव्हीपर्यंत पोचत नाही, ही अडचण. राउटर पुढच्या खोलीत, टीव्ही हॉलच्या टोकाला, मध्ये जुन्या वाड्याची दीड फुटी भिंत. तपासायची युक्ती सोपी आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, फोन टीव्हीजवळ ठेवा, टीव्ही त्याला जोडा आणि तोच एपिसोड लावा. नीट चालला तर टीव्ही निर्दोष, वायफायचं बघा. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं दिसत असतील तर एकाच खोलीत ५ वर जोडा, भिंती आड येत असतील तर २.४ वर. त्यातूनही जमलं नाही तर टीव्हीमागे लॅनचं, म्हणजे इंटरनेटच्या वायरीचं, पोर्ट असतं, तिथपर्यंत वायर ओढून घ्या. शंभर-दोनशे रुपयांच्या वायरनं जे होतं ते पाच हजारांच्या स्टिकनं होत नाही, कारण स्टिकही त्याच वायफायवर चालते.

तिसरं, जागा. हे जरा नीट सांगतो, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मलकापूरला एका निवृत्त गुरुजींकडे गेलो होतो. काकूंची रोजची मालिका झी फाइव्हवर मध्येच थांबायची, गोल फिरत राहायचं, कधी अ‍ॅप आपोआप बंद व्हायचं. गुरुजींनी नवीन टीव्हीची चौकशीसुद्धा केली होती. मी सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेज उघडलं. खोक्यावर ८ जीबी लिहिलेलं, त्यातली निम्मी जागा सिस्टिमनंच घेतलेली, आणि उरलेल्या जागेत शंभर एमबीसुद्धा मोकळे नव्हते. नातवानं सुट्टीत गाड्यांचे गेम टाकले होते, ते तसेच. दोन न्यूज चॅनेलांची अ‍ॅप्स, एक कराओकेचं, एक कुणीच कधी न उघडलेलं योगासनांचं. आणि यूट्यूबनं कॅशे, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या फायली, म्हणून बरीच जागा अडवून ठेवलेली.

गेम काढले, नको ती अ‍ॅप्स काढली. जी कंपनीनं आधीच घालून दिलेली असतात ती निघत नाहीत, पण त्यांचे अपडेट्स काढता येतात आणि अ‍ॅप 'डिसेबल' करता येतं. उरलेल्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये जाऊन कॅशे साफ केला. इथे एक सांभाळा: 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' शेजारी-शेजारी असतात. डेटा साफ केला की लॉगिन जातं, आणि मग पासवर्ड कुणाला आठवत नाही म्हणून घरभर डायऱ्या शोधाव्या लागतात. शेवटी टीव्ही भिंतीवरच्या बटणातून बंद करून दोन मिनिटांनी चालू केला. रिमोटनं बंद केलेला टीव्ही फक्त झोपतो, पूर्ण बंद होत नाही. महिनोन्‌महिने असा झोपत-उठत राहिला की जडावतो.

काकू बघत उभ्या होत्या. "अरे, मग त्या दुकानातल्या पोरानं पाच हजाराच्या स्टिकचं काय सांगितलं होतं?" म्हणाल्या. गुरुजी काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर तीस हजार वाचल्याचा आनंद लपत नव्हता.

याशिवाय सॉफ्टवेअर अपडेट बघा. अगदीच वाट लागली असेल तर फॅक्टरी रीसेट करा, पण त्याआधी सगळे पासवर्ड कागदावर लिहून घ्या.

मग स्टिक कधी घ्यायची?

वरचं सगळं करूनही टीव्ही रडत असेल, तर घ्या, बिनधास्त. पण आणखी काही वेळा अशा असतात की वाट बघायचंच कारण नाही.

टीव्ही स्मार्ट नाही, पण एचडीएमआय आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीचे साधे एलईडी टीव्ही अजून ठणठणीत आहेत. त्यांना स्टिक म्हणजे दुसरा जन्म. पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांचा डबा टीव्ही असेल तर मात्र कन्व्हर्टरच्या नादी लागू नका. कॉपी-संरक्षणामुळे बऱ्याच अ‍ॅप्सचं चित्रच येत नाही, आणि आलं तरी अक्षरं वाचता येत नाहीत.

तुमचं अ‍ॅपच टीव्हीवर मिळत नाही. सॅमसंगमध्ये टायझन, एलजीमध्ये वेबओएस, सोनी-टीसीएलसारख्यांमध्ये गूगल टीव्ही, अशा वेगवेगळ्या सिस्टिम असतात आणि प्रत्येकीचं दुकान वेगळं. नेटफ्लिक्स, प्राइम, यूट्यूब, जिओहॉटस्टार सगळीकडे सापडतात. लहान अ‍ॅप्सचं सांगता येत नाही. मराठी बघणाऱ्यांसाठी हिशेब साधा आहे: स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी फाइव्हवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. ही तीन आणि यूट्यूब चाललं की बहुतेक घरांचं भागतं. यापलीकडचं काही लागत असेल, एखादं भजन-कीर्तनाचं किंवा छोट्या निर्मात्याचं अ‍ॅप, तर टीव्हीच्या दुकानात नाव टाकून शोधा. नाही सापडलं तर स्टिक घ्यायचं खरं कारण मिळालं.

तिसरं कारण सगळ्यात फसवं असतं. काही स्वस्त टीव्हींवर 'अँड्रॉइड' लिहिलेलं असतं, पण आत गूगलची परवानगी नसलेली मोकळी आवृत्ती असते. प्ले स्टोअरच्या जागी भलतंच दुकान दिसतं. अशा टीव्हीला वाइडवाइन नावाच्या संरक्षणाची वरची पातळी, म्हणजे एल१, मिळालेली नसते. एल३ या खालच्या पातळीवर मोठी अ‍ॅप्स साध्या ४८०पी चित्रावर अडवतात. कुणी सांगतं पॅनल खराब, कुणी सांगतं नेट खराब, आणि दोन्ही धड असतात. परवाना असलेली स्टिक लावली की त्याच पडद्यावर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसायला लागतात.

आणि ज्यांचा मुक्काम हलता असतो त्यांनी घ्यावी. मुलगा पुण्यात भाड्याच्या खोलीत, आईवडील गावी, सुट्टीत सगळे एकत्र. स्टिक खिशात घालून नेता येते, लॉगिन तिच्यातच राहतं.

स्टिकनं काय होत नाही, तेही ऐका. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीला फोर-के स्टिक लावून चित्र फोर-के होत नाही; पॅनलवर ठिपकेच तेवढे नाहीत. आवाज पातळ असेल तर तो पातळच राहतो, त्याला साउंडबार लागतो. सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन, म्हणजे रंग आणि उजेड जास्त खुलवणारा चित्राचा प्रकार, दाखवत नाहीत, तर डॉल्बी व्हिजनवाली स्टिक घेऊनही ते दाखवणार नाहीत.

मागची बाजू बघितल्याशिवाय ऑर्डर करू नका

ही माझ्या धंद्यातली गोष्ट, म्हणून जरा लांबण लावतो. टीव्हीच्या मागे किती एचडीएमआय पोर्ट आहेत ते मोजा. ३२ इंचीला बऱ्याचदा दोन असतात. एकात डिशचा बॉक्स. दुसऱ्यावर 'एआरसी' लिहिलेलं असतं, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणारं पोर्ट, त्यात साउंडबार. झालं, स्टिकला जागाच नाही. मग कुणाला तरी उठवावं लागतं, आणि डिश काढायची का या प्रश्नावर घरात दोन पक्ष पडतात.

टीव्ही भिंतीला अगदी चिकटून बसवलेला असेल आणि पोर्ट मागच्या बाजूला सरळ भिंतीकडे तोंड करून असेल, तर स्टिक शिरत नाही. फायर टीव्ही स्टिकच्या खोक्यात वीतभराहून लहान अशी एचडीएमआयची एक्स्टेन्शन वायर येते. लोक ती फेकून देतात. ती वापराच. स्टिक बाजूला येते, गरम कमी होते, आणि टीव्हीच्या धातूच्या पाठीआडून बाहेर आल्यामुळे वायफायही चांगलं पकडते.

पॉवर हा दुसरा घोळ. स्टिकला तिच्याबरोबर आलेला चार्जरच लावा. लोक वायर दिसू नये म्हणून टीव्हीच्या यूएसबी पोर्टातून वीज घेतात. ते पोर्ट पेनड्राइव्हसाठी असतं, साधं असेल तर अर्धा अँपिअर देतं. स्टिकचा चार्जर निदान एक अँपिअरचा असतो. मग ऐन मॅचच्या शेवटच्या षटकात स्टिक रीस्टार्ट होते. शिवाय टीव्ही बंद केला की पोर्टाची वीज जाते आणि दर वेळी स्टिक पहिल्यापासून उठते. म्हणून टीव्ही लावतानाच मागे एक सॉकेट जादा काढून घ्या. इलेक्ट्रिशियन तेव्हा घरात असतोच, नंतर भिंत फोडायला कुणी तयार होत नाही.

आता रिमोट. टीव्हीचा, डिशचा आणि स्टिकचा, असे तीन रिमोट एका टीपॉयवर आले की घरातली वडीलधारी माणसं टीव्ही बघायचंच सोडतात. यावर उपाय आहे: एचडीएमआय-सीईसी. एका वायरीतून टीव्ही आणि स्टिक एकमेकांशी बोलतात, स्टिकच्या रिमोटनं टीव्ही चालू-बंद होतो. ही सोय सेटिंग्जमध्ये वेगळ्याच नावानं लपलेली असते. सॅमसंगमध्ये 'एनीनेट प्लस', एलजीमध्ये 'सिम्पलिंक', सोनीत 'ब्राव्हिया सिंक'. ती चालू करा. तरीही डिशवरून स्टिकवर आणि परत जायचं म्हणजे 'सोर्स' बटण आलंच. सत्तरीच्या काकांना ते एकदा दाखवून भागत नाही. मी पोर्टांची नावं बदलून देतो. 'एचडीएमआय १' च्या जागी 'डिश', 'एचडीएमआय २' च्या जागी 'स्टिक'. बहुतेक टीव्हींत हे होतं आणि माझे निम्मे फोन कमी झालेत.

याच कारणानं म्हणतो, रिमोट कुणाच्या हातात असतो ते आधी बघा. दिवसभर आई-वडीलच बघत असतील आणि टीव्हीतली अ‍ॅप्स बरी चालत असतील, तर मुंबईच्या मुलानं हौसेनं स्टिक पाठवू नये. ती लावायला मी जातो, आणि पुढच्या आठवड्यात काढायलाही मीच जातो.

कोणती घ्यायची?

फायबरचं कनेक्शन घेतलंय का? मग कपाट उघडून बघा. जिओ आणि एअरटेल बऱ्याच प्लॅनबरोबर सेट-टॉप बॉक्स देतात. कित्येक घरांत तो खोक्यातच पडलेला असतो. तोही स्टिकचंच काम करतो. तुमची अ‍ॅप्स त्यावर मिळाली तर एक रुपया खर्च नाही.

विकतच घ्यायची तर आपल्याकडे फायर टीव्ही आणि गूगल टीव्हीवाले डबे किंवा स्टिक, हेच दोन रस्ते. फायर टीव्ही सगळीकडे मिळते, सेलमध्ये बरीच उतरते, पण पडद्यावर प्राइमच्या जाहिराती फार. गूगल टीव्ही मोबाइलशी चांगलं जमवून घेतं. फोर-के टीव्ही असेल तर २ जीबी रॅमची घ्या, १ जीबीचा मोह नको. आणखी एक लक्षात ठेवा: २०२५ मध्ये आलेली 'फोर-के सिलेक्ट' ही फायर स्टिक अँड्रॉइडवर नाही, अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या व्हेगा सिस्टिमवर चालते. बाहेरून अ‍ॅप घालायची सवय असेल तर ती तुमच्यासाठी नाही. अ‍ॅपल टीव्ही सगळ्यात गुळगुळीत चालतो, पण पंधरा हजारांच्या घरात जातो. घरात सगळे आयफोनवाले असतील तरच बघा. अमेरिकेतल्या मेहुण्यानं रोकू आणलं तर आभार माना आणि त्यालाच परत द्या. ते आपल्याकडे अधिकृतपणे विकलं जात नाही, त्यामुळे आपली अ‍ॅप्स त्यावर शोधताना जीव जातो.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळणारे, 'सगळं फुकट, आयुष्यभर' असं सांगणारे बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स मी जोडून देत नाही. त्यातल्या बऱ्याच डब्यांत कारखान्यातूनच व्हायरस भरून येतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं 'बॅडबॉक्स २.०' नावाच्या अशा जाळ्याबद्दल इशारा दिला, आणि पुढच्याच महिन्यात गूगलनं त्यामागच्या लोकांवर खटला भरला. एक कोटीहून जास्त यंत्रं त्यात अडकल्याचं गूगलचं म्हणणं होतं. त्याच वायफायवर तुमचा फोन बँकेचे व्यवहार करत असतो.

नवीन टीव्ही घेत असाल तर 'अ‍ॅप्स किती' यावर पैसे मोजू नका. पॅनल, पोर्ट आणि रॅम बघा. तीन एचडीएमआय, २ जीबी रॅम आणि अपडेट किती वर्षं देणार हे कंपनीनं लिहून दिलेलं असलं की पुरे. सॅमसंगनं नव्या टीव्हींना सात वर्षं आणि एलजीनं पाच वर्षांत चार वेळा नवी सिस्टिम द्यायचं जाहीर केलंय. तुमचं मॉडेल त्या यादीत आहे का ते विचारा. दुकानात डेमो व्हिडिओ सगळेच झकास दाखवतात. तुम्ही रिमोट हातात घ्या, एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात जा, परत या. नवा टीव्ही दुकानातच अडखळत असेल तर घरी येऊन धावणार नाही. आणि त्याच बिलात स्टिक घालू नका. सहा महिने टीव्हीची अ‍ॅप्स वापरा, गरज वाटलीच तर सेल कुठे पळून जातोय?

स्टिक लावल्यावर टीव्हीचं स्वतःचं वायफाय बंद करून टाकलं तरी चालतं. तुम्ही काय बघता हे टीव्हीसुद्धा टिपत असतो. याच कारणावरून २०१७ साली व्हिझिओ या कंपनीला अमेरिकेत २२ लाख डॉलर भरावे लागले होते. स्टिकवालेही साधू नाहीत, पण दोघांनी नजर ठेवण्यापेक्षा एकानं ठेवलेली बरी. सेटिंग्जमध्ये 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन', 'लाइव्ह प्लस' असं काही दिसलं तर तेही बंद करा. सॉफ्टवेअर अपडेटसाठी अधूनमधून टीव्हीला वायफाय दाखवा, तेवढं बास.

जुनी स्टिक कुणाला देणार असाल तर आधी सेटिंग्जमधून तुमचं खातं काढा आणि फॅक्टरी रीसेट मारा. कामवाल्या मावशींच्या मुलाला दिलेल्या स्टिकवर तुमचं प्राइम चालू राहिलं, तर एखाद्या दिवशी त्यानं चुकून भाड्यानं घेतलेल्या सिनेमाचं बिल तुमच्या कार्डावर येईल, आणि मग त्या पोराला बोलणंही जड जाईल.